बंदुकीचा ठराव एका गावातून दुसऱ्या गावात जातो तेव्हा त्यातलं टिकतं काय?

धानपट्टा (प्रश्न)

नमस्कार मंडळी. गोंदिया-गडचिरोलीच्या सीमेवरच्या आमच्या पट्ट्यात एक ठराव सध्या गावोगाव फिरतो आहे. सुरुवात एका ग्रामसभेनं केली. मजकूर असा: "गावात कोणीही विनापरवाना बंदूक ठेवणार नाही. असल्यास १५ दिवसांत ठाण्यात जमा करावी. जमा करणाऱ्यावर गुन्हा दाखल होणार नाही. न केल्यास ५,००० रुपये दंड व ग्रामपंचायतीचे दाखले बंद." शेजारच्या चार गावांनी हाच ठराव घेतला. नक्कल इतकी हुबेहूब की एका गावाच्या ठरावात पहिल्या गावाचं नाव तसंच राहून गेलं. आता आमच्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर तो आला आहे.

गाव पेसा क्षेत्रात आहे, म्हणजे आदिवासी भागातल्या ग्रामसभांना जादा अधिकार देणारा कायदा इथे लागू आहे. बंदुका म्हणजे जुन्या भरमार (तोंडातून दारू ठासायच्या), काही आजोबा-पणजोबांच्या वेळच्या. दोघा-तिघांकडे शेतीसंरक्षणाचे रीतसर परवाने आहेत आणि ते म्हणतात, धानात डुकरं उतरली की तुमचा ठराव राखणीला येणार का?

मला विचारायचं ते असं. ग्रामसभेला हा अधिकार आहे का? आणि अमेरिकेत शहरं, काउंट्या (तिथले जिल्हे) बंदुकीचे आपापले नियम करतात, एक दुसऱ्याचं पाहून करतात, असं वाचनात येतं. तिथे काय पसरलं आणि काय गळून पडलं? त्यातून आपल्याला मजकूर सुधारता येईल का?

वर्धाकाठ_वकिली

भाऊ, आधी अधिकाराचं बघू, कारण बाकी सगळं त्यावर उभं आहे.

शस्त्रं, अग्निशस्त्रं, दारूगोळा हा विषय राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत केंद्र सूचीच्या ५ व्या नोंदीत आहे. म्हणजे विधानसभासुद्धा यावर मूळ कायदा करत नाही, ग्रामसभा दूरच राहिली. परवाना देणं, नाकारणं, निलंबित करणं हे शस्त्र अधिनियम, १९५९ नुसार परवाना प्राधिकाऱ्याचं काम, आणि ग्रामीण भागात तो म्हणजे जिल्हादंडाधिकारी. पेसानं ग्रामसभेला मादक पदार्थ, गौण वनोपज, सावकारी, बाजार यांवर अधिकार दिले, त्या यादीत शस्त्रं नाहीत. तेव्हा "आमचं गाव पेसात आहे" हा मुद्दा इथे कामाचा नाही.

आता तुमच्या मजकुरातल्या एकेका वाक्याकडे या.

"गुन्हा दाखल होणार नाही" हे वाक्य सगळ्यात घातक आहे. विनापरवाना बंदूक बाळगण्याला २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान २ आणि कमाल ५ वर्षांची शिक्षा आहे. त्यातून सूट देण्याचा अधिकार ग्रामसभेला नाही. त्या वाक्यावर विसंबून एखादा म्हातारा माणूस बंदूक खांद्यावर टाकून ठाण्याकडे निघाला आणि वाटेत नाकाबंदीत सापडला, तर ठरावाची प्रत त्याला वाचवणार नाही. खटला भरायला जिल्हादंडाधिकाऱ्यांची पूर्वमंजुरी लागते हे खरं (कलम ३९), पण ती पुढची गोष्ट. स्वेच्छेनं जमा करणाऱ्यांबाबत काय धोरण राहील हे पोलीस अधीक्षकांकडून आधी लेखी घ्यायचं आणि मगच तारीख जाहीर करायची. गडचिरोलीत गावकऱ्यांनी भरमार बंदुका पोलिसांकडे सोपवल्या आहेत. ते पोलिसांच्या आवाहनातून, त्यांच्या सहभागानं झालं. ठराव पुढे आणि पोलीस मागे, हा क्रम उलटा आहे.

"५,००० रुपये दंड" वसूल करायला कायद्याचा आधार नाही. आणि "दाखले बंद" तर ताबडतोब काढून टाका. दाखला मिळणं हा रहिवाशाचा हक्क आहे. शिवाय असं कलम पुढे रेशन बंद, पाणी बंद, लग्नाकार्याला बोलावणं बंद इथवर घसरतं. महाराष्ट्रात सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ चा कायदा आहे, ३ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. बंदुकीविरुद्धच्या ठरावातून सरपंच आणि सभेचा अध्यक्षच आरोपी व्हायची पाळी येईल.

काटोल_नाका

अमेरिकेच्या प्रश्नावर लिहितो. थोडं लांबेल, पण तपशिलातच मजा आहे.

तिथे शहराला अधिकार राज्य देतं आणि राज्यच काढून घेतं. हे लक्षात ठेवलं की पुढचं सगळं उलगडतं.

इलिनॉय राज्यात शिकागोजवळ मॉर्टन ग्रोव्ह नावाचं छोटं गाव आहे. त्यानं जून १९८१ मध्ये हँडगन (पिस्तूल, रिव्हॉल्वर) बाळगण्यावर बंदी घातली. १९८२ मध्ये शेजारच्या इव्हॅन्स्टननं, १९८४ मध्ये ओक पार्कनं तीच वाट धरली. पण बातमी फक्त अनुकरण करणाऱ्यांपर्यंत पोचत नाही, विरोधकांपर्यंतही पोचते. मार्च १९८२ मध्ये दूर जॉर्जियातल्या केनेसॉ शहरानं बरोबर उलटा नियम केला: प्रत्येक कुटुंबप्रमुखानं बंदूक ठेवलीच पाहिजे. अंमलबजावणी नावापुरती, पण मॉर्टन ग्रोव्हला जाहीर उत्तर. आणि बंदूकधारकांच्या राष्ट्रीय रायफल संघटनेनं राज्याराज्यांत मागणी लावून धरली की हा विषय स्थानिक संस्थांकडे नकोच. फ्लोरिडानं १९८७ मध्ये तसा कायदा केला आणि २०११ मध्ये त्याला दात बसवले: नियम करणाऱ्या लोकप्रतिनिधीला स्वतःच्या खिशातून ५,००० डॉलरपर्यंत दंड, शिवाय पदावरून काढण्याची तरतूद. आज ४० हून अधिक राज्यांत अशी वरून लावलेली कुलपं आहेत. एका गावाच्या बंदीनं जितकी गावं जोडली, त्याहून कितीतरी जास्त गावांचा रस्ता तिच्या प्रतिक्रियेनं बंद झाला. मूळ बंदीसुद्धा टिकली नाही. २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं घरात हँडगन ठेवणं हा व्यक्तीचा हक्क मानला आणि मॉर्टन ग्रोव्हनं त्याच वर्षी नियम मागे घेतला. अशीच बंदी असलेलं शिकागो आणि ओक पार्क २०१० पर्यंत लढले आणि हरले.

आता जे पसरलं आणि टिकलं ते पाहा. कॅलिफोर्नियात वेस्ट हॉलिवूड शहरानं १९९६ मध्ये स्वस्त, निकृष्ट बनावटीच्या हँडगनच्या विक्रीवर बंदी घातली. बाळगण्याला हात लावला नाही. दुकान, व्यापार हा शहराच्या अखत्यारीतला विषय, म्हणून तेवढंच धरलं. खटला झाला, १९९८ मध्ये नियम वैध ठरला. १९९३ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोतल्या एका कार्यालयात झालेल्या गोळीबारानंतर तिथल्या वकिलांनी एक संस्था उभी केली होती, ती शहरांना मसुदे तयार करायला आणि कोर्टात टिकवायला मदत करत होती. बघता बघता राज्यातल्या अनेक शहरांनी आणि काउंट्यांनी तसेच नियम केले आणि १९९९ मध्ये खुद्द राज्यानं हँडगनच्या सुरक्षिततेचा कायदा केला. खालून वर जाण्याचं हे सगळ्यात स्वच्छ उदाहरण.

दुसरं उदाहरण मुदतीचं. २०१३ मध्ये इलिनॉयनं शस्त्र सोबत बाळगण्याचा कायदा केला आणि त्यात स्थानिक संस्थांना सांगितलं: असॉल्ट रायफलींबाबत (लष्करी धाटणीच्या) नियम करायचा असेल तर कायदा लागू झाल्यापासून १० दिवसांत करा, नंतर दार बंद. ९ जुलैपासून ते १० दिवस. हायलँड पार्कनं पूर्ण बंदी घेतली. डीअरफील्ड गावाला एवढं धाडस झालं नाही, त्यानं मुदत संपण्याआधी फक्त "बंदूक कुलपात ठेवा, नेताना सुरक्षित न्या" असा साधा नियम करून ठेवला. २०१८ मध्ये त्याच नियमात दुरुस्ती करून बंदी आणली. विरोधक म्हणाले, मुदत संपली. पण अपील न्यायालयानं दुरुस्ती धरली आणि २०२१ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात मतं समसमान पडल्यानं तोच निकाल कायम राहिला. वेळेवर घेतलेला छोटा, अधिकारातला ठराव पुढे मोठ्या ठरावाचा पाया झाला. हे तुमच्या ग्रामसभेनं नीट पाहावं.

तिसरं कोलोरॅडोचं. बोल्डर शहराची २०१८ ची बंदी न्यायालयानं मार्च २०२१ मध्ये अडवली, कारण राज्याचं कुलूप. दहाच दिवसांनी तिथल्या किराणा बाजारात गोळीबार होऊन १० जण गेले. त्याच वर्षी राज्यानं कुलूप काढलं आणि जून २०२२ मध्ये बोल्डर, लुईव्हिल, सुपीरियर, लाफाएट या एकाच काउंटीतल्या शहरांनी मिळून आखलेले मिळतेजुळते नियम घेतले. सारखा मजकूर असला की पोलिसांना आणि दुकानदारांना हद्दीगणिक वेगळा नियम पाठ करावा लागत नाही. तोटा असा की एका ठिकाणी अडकलं की सगळे अडकतात. सुपीरियरच्या नियमाला जुलैमध्ये संघीय न्यायालयाची तात्पुरती स्थगिती मिळाली आणि बाकीची शहरंही थबकली.

आणि सगळ्यात वेगानं काय पसरलं माहीत आहे? "आमची काउंटी बंदुकीचे नवे निर्बंध राबवणार नाही" असा ठराव. एप्रिल २०१८ मध्ये इलिनॉयच्या एफिंगहॅम काउंटीत सुरू झाला आणि २०१९ च्या निवडणुकीनंतर व्हर्जिनियातल्या ९५ पैकी बहुतेक काउंट्यांनी काही महिन्यांत घेतला. त्याला पैसा लागत नाही, माणूस लागत नाही, बहुतेक ठिकाणी कायद्याचं बळही नाही. फुकटचा ठराव वाऱ्यासारखा पसरतो. म्हणून किती गावांनी घेतला या आकड्यावर भुलू नका. तुमच्या पट्ट्यातली पाच गावंही याच जातीची आहेत असं मला स्पष्ट वाटतं.

हद्दीचा प्रश्न राहतोच. हायलँड पार्कमध्ये बंदी असतानाही ४ जुलै २०२२ च्या मिरवणुकीत त्याच प्रकारच्या रायफलीनं ७ जणांचा जीव घेतला. त्यानंतर जानेवारी २०२३ मध्ये बंदी राज्यभर झाली.

धानपट्टा

वकीलसाहेब, काटोल_नाका, दोघांचे आभार. पण मग दारूबंदीचे ठराव कसे चालले? आपल्या विदर्भात तर ते गावागावांत पसरले. तिथे ग्रामसभेचं ऐकलं गेलं, इथे का नाही?

आडवी_बाटली_उभं_गाव

धानपट्टा दादा, कारण तिथे वरून दार उघडं ठेवलेलं होतं. २००८ च्या राज्य आदेशानुसार गावातल्या २५ टक्के महिला मतदारांनी किंवा एकूण मतदारांनी सह्यांचं निवेदन दिलं की पडताळणी होते, गुप्त मतदान घ्यावं लागतं, आणि एकूण महिला मतदारांच्या किंवा एकूण मतदारांच्या निम्म्याहून जास्त मतं आडव्या बाटलीला (बंदीच्या बाजूचं चिन्ह) पडली की परवानाप्राप्त दुकान बंद. हा नुसता ठराव नव्हे, ठरलेली पायरी आहे, आणि शेवटी आदेश अधिकारीच काढतो. गाव हरतं ते अनेकदा मोजणीत: अट हजर महिलांची नाही, यादीतल्या सगळ्या महिला मतदारांची आहे. सोयाबीन सोंगायला गेलेल्या, कामाला बाहेरगावी गेलेल्या बायांची नावं यादीत असतात. शेजारच्या गावातल्या बचत गटाकडून जे शिकायचं ते घोषणा नाही, मतदानाची तारीख हंगाम पाहून कशी मागायची हे.

जिल्हा पातळीवर वर्धा १९७५, गडचिरोली १९९३, चंद्रपूर २०१५. चंद्रपूरची बंदी २०२१ मध्ये उठली. अमेरिकेतल्या हद्दीच्या प्रश्नासारखंच: वर्धा नदी ओलांडली की यवतमाळ, तिथे दुकानं चालू.

दुसरं आपल्या पट्ट्यातलंच. मेंढा-लेखाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, २०११ मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हातात आलं. त्यानंतर गडचिरोलीत शेकडो ग्रामसभा त्या वाटेनं गेल्या. कारण २००६ च्या वनहक्क कायद्यात तो हक्क लिहिलेला होता, आणि शेजारच्या गावाला दाव्याचा नमुना, नकाशा, जुने पुरावे कसे जोडायचे हे प्रत्यक्ष बघायला मिळत होतं. आणि निधीनं पसरलेलं उदाहरण हवं तर नक्षल गावबंदी (नक्षलवाद्यांना गावात येऊ न देण्याचा ठराव): २००३ पासून ठराव घेणाऱ्या गावांना विकासनिधी. तिथे ठरावांची संख्या वाढली त्यात निधीचा वाटा किती आणि गावाच्या मनाचा किती, हे प्रत्येक गावात जाऊनच कळतं.

शिकण्यातून पसरलेला ठराव, पैशातून पसरलेला ठराव आणि नुसत्या नकलेतून पसरलेला ठराव, तिघांची प्रत एकसारखीच दिसते. ओळखायचं कसं? दुसऱ्या गावानं मजकुरात काही बदल केला का ते बघा. पहिल्या गावाचं नावसुद्धा बदललं नसेल तर कोणी वाचलेलाच नाही.

जागल_माळा

परवानेवाल्या कास्तकारांची बाजू कोणी मांडली नाही म्हणून लिहितो.

शस्त्र अधिनियमाच्या कलम १३ मध्ये खऱ्याखुऱ्या पीकसंरक्षणासाठी भरमार बंदुकीच्या परवान्याची सोय आहे. भरमार पुरणार नाही अशी प्राधिकाऱ्याची खात्री झाली तर किमान २० इंच लांब, आतून गुळगुळीत नळीच्या बंदुकीचाही परवाना मिळू शकतो. अशा माणसाला ग्रामसभा "जमा कर" म्हणू शकत नाही. निवडणुकीत जमा करायला लावतात तेही जिल्ह्याच्या छाननी समितीनं पाहून. पण परवानाधारकांनीही एक समजून घ्यावं: बंदुकीचा परवाना म्हणजे शिकारीची परवानगी नव्हे. रानडुक्कर किंवा रोही (नीलगाय) मारायला वन विभागाची वेगळी लेखी परवानगी लागते. ती नसेल तर गुन्हा दाखल होऊ शकतो.

परवानाधारक वारला असेल तर बंदूक आपोआप मुलाची होत नाही. वारसानं ठाण्यात कळवायचं आणि एक तर स्वतःच्या नावानं परवाना मागायचा किंवा बंदूक ठाण्यात अथवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करून पावती घ्यायची. तुमच्या गावातल्या "आजोबांच्या" बंदुकांपैकी काहींना जुना परवाना असण्याची शक्यता आहे. घरातली जुनी कागदपत्रं, मग तहसील आणि जिल्हाधिकारी कार्यालयाची शस्त्र शाखा, असं आधी तपासा. सरसकट सगळ्या बेकायदा धरू नका.

जमा करताना काय चुकतं तेही सांगतो. जुनी भरमार भिंतीला टांगलेली असते आणि आत बार भरलेला आहे की नाही हे घरात कोणालाच ठाऊक नसतं. गज टाकून ठासलेली दारू ओलसर झाली म्हणजे निरुपयोगी झाली असं नव्हे. "रिकामी करतो" म्हणून ती उडवायला जाऊ नये, गंजलेली नळी हातात फुटते. नळीत गज घालून खरवडायचं नाही, चुलीजवळ न्यायची नाही. जिथे आहे तिथेच राहू द्यावी, पोलीस पाटलामार्फत ठाणेदारांना कळवावं आणि "भरलेली असू शकते" हे स्पष्ट सांगावं. त्यांनी येऊन पंचनामा करून न्यावी. उरलेली दारू, छर्रे, टोप्याही त्याच पंचनाम्यात लिहून द्याव्यात, नाहीतर डबा घरात राहतो आणि लेकरांच्या हाती लागतो.

आणि हो, बंदुका गेल्यावर डुकरांचं काय याचं उत्तर ठरावात नसेल तर लोक धुऱ्यावर विजेची जिवंत तार सोडतात. त्यात माणसं मरतात, वाघही मरतात. तेव्हा त्याच सभेत सौर कुंपणाची मागणी घ्या, जंगलालगतच्या गावांसाठी श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेत त्याला अनुदान आहे. पीक नुकसानीची तक्रार वन विभागाकडे ३ दिवसांच्या आत जायला हवी, तिचे कोरे अर्ज ग्रामपंचायतीत ठेवा.

वर्धाकाठ_वकिली

सगळ्यांचं धरून मसुदा देतो. तुमच्या गावाप्रमाणे बदला.

"ही ग्रामसभा शस्त्र अधिनियम, १९५९ ची नोंद घेऊन गावातील रहिवाशांना आवाहन करते की विनापरवाना अग्निशस्त्र असल्यास पोलीस पाटलांमार्फत पोलिसांना कळवावे, शस्त्र स्वतः वाहून नेऊ नये. स्वेच्छेने जमा करणाऱ्यांबाबतची कार्यपद्धती लेखी कळवावी, अशी मा. पोलीस अधीक्षकांना विनंती करण्यात येते. ते पत्र सभेत वाचून दाखवल्यानंतरच जमा करण्याची तारीख ठरवण्यात येईल. वैध परवानाधारकांवर या ठरावाने कोणतेही बंधन येत नाही. लग्न, वरात, सण यांत हर्षाने गोळीबार होऊ नये याची जबाबदारी आयोजक कुटुंब घेईल. वन विभागाने सौर कुंपण व पीक नुकसानीच्या पंचनाम्यासाठी गावात शिबिर घ्यावे. सहा महिन्यांनी आढावा घेण्यात येईल."

हर्षाच्या गोळीबाराचं वाक्य मुद्दाम टाकलं. २०१९ पासून तो स्वतंत्र गुन्हा आहे, २ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि परवाना असला तरी तो लागतो. इथे ग्रामसभा नवा नियम करत नाही, असलेला कायदा घराघरांत पोचवते. तेवढं तिच्या हातात पूर्ण आहे.

गणपूर्ती मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी जी कमी असेल ती. पेसातल्या पाड्याच्या ग्रामसभेला वेगळे नियम आहेत, ते सचिवांकडून तपासून घ्या. इतिवृत्तात हरकती नावानिशी लिहा, परवानाधारकांच्या आधी. बंदूक असलेल्या घरांची नावं मात्र इतिवृत्तात अजिबात येऊ देऊ नका. ते कागद माहिती अधिकारात बाहेर जातात.

धानपट्टा

मसुदा सचिवांना दिला आहे. अधीक्षक कार्यालयाला पत्र पोलीस पाटलांच्या सहीनं जावं की सरपंचांच्या?

वर्धाकाठ_वकिली

सरपंचांच्या सहीनं, ग्रामपंचायतीच्या जावक क्रमांकासह. प्रत ठाणेदारांना आणि तहसीलदारांना. पोलीस पाटील हे शासनाचे सेवक, ते स्वतंत्र अहवाल देतील. पत्राला ठराव जोडू नका, तो अजून व्हायचा आहे. फक्त कार्यपद्धती विचारा. ज्या चार गावांनी जुना मजकूर घेतला आहे त्यांनाही उत्तराची प्रत द्या, म्हणजे ते पुढच्या सभेत दंडाचं, दाखल्याचं आणि "गुन्हा होणार नाही" हे वाक्य रद्द करू शकतील.